सोवळं सोनं, ओवळं चामडं

वापरलेल्या चामड्याला एक वास असतो. दुकानातल्या नव्या पट्ट्याचा करकरीत वास निराळा. आणि वर्षानुवर्षं एकाच मनगटाला बिलगून राहिलेल्या, दिवसभर घामात भिजलेल्या, रात्री पंख्याच्या वाऱ्यावर वाळलेल्या आणि सकाळी पुन्हा भिजायला निघालेल्या पट्ट्याचा वास निराळा. थोडा आंबूस, थोडा खारट, आणि त्या दोन्हींच्या तळाशी कुठेतरी झाडाच्या सालीचा खोल तुरटपणा. हौसेने कुणाला हुंगायला द्यावा असा तो नव्हे. सुवास त्याला कुणी म्हणणार नाही, आणि दुर्गंध म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर वडिलांचं घरात येणं, दाराशी त्यांची चाहूल लागणं, ते आहेत म्हणून घर भरल्यासारखं वाटणं, हे सगळं मला आधी या वासातून कळलं. त्यांचा चेहरा, आवाज, अक्षर यांची ओळख मागाहून झाली.

आप्पा डोंबिवलीहून फोर्टला जात. गाडीत बसायला जागा मिळणं तेव्हाही नशिबावरच होतं, त्यामुळे जाता-येता डावा हात वर, कडीला. तळहाताचा घाम हळूहळू ओघळत मनगटाशी यायचा आणि पट्टा त्याला अडवून धरायचा, पिऊन टाकायचा. उन्हाळ्यात तो पट्टा काळाभोर व्हायचा, पावसाळ्यात फुगायचा, थंडीत त्याला बारीक भेगा पडायच्या. त्याला भोकं बरीच होती, पण त्यातलं एकच काय ते वापरून वापरून लांबट झालं होतं. बाकीची कोरी, गोल, कधी कुणी न उघडलेल्या खिडक्या असाव्यात तशी. त्या एका लांबट भोकात आप्पांच्या मनगटाचं माप कायमचं नोंदलं गेलं होतं. शिंप्याच्या वहीतही इतकं नेमकं माप मिळालं नसतं.

संध्याकाळी घरात शिरल्यावर आधी चपला, मग घड्याळ. क्रम ठरलेला. दाराजवळच्या फळीवर घड्याळ उतरायचं आणि मग हातपाय धुऊन आप्पा देवापाशी जायचे. दोन खोल्यांत देवघर ते कसलं! स्वयंपाकाच्या खोलीतला एक कोपरा, एक चौरंग, एक समई. पण आजीच्या लेखी तिथे एक उंबरठा होता, आम्हाला कधीच न दिसलेला आणि तिला लख्ख दिसणारा. त्याच्या आत चामडं चालत नसे. पाकीट नाही, कमरेचा पट्टा नाही, घड्याळ नाही. आणि तीच आजी सोवळं नेसून नैवेद्याचं ताट वाढायला वाकायची, तेव्हा तिच्या हातातल्या पाटल्या खुशाल समईच्या उजेडात चमकत असायच्या. सोन्याला विटाळ नसतो, असं ती म्हणायची. हे ती इतक्या सहजपणे म्हणायची की त्यावर काही विचारायचं असतं हेच आम्हाला सुचलं नाही.

तेवढा वेळ घड्याळ फळीवर एकटं असायचं, आणि मी त्याच्यापाशी. हात लावायचा नाही, हा दंडक होता. वास घ्यायला कुणी मनाई केली नव्हती. मी टाचा उंचावून नुसती उभी राहायचे. आत उदबत्तीचा धूर, आप्पांचं एका लयीतलं पुटपुटणं; इकडे फळीवर त्यांच्या अंगाची ऊब अजून न सोडलेला तो ओलसर पट्टा. एक आप्पा देवाकडे गेलेले असायचे. दुसरे, माझे, इथे माझ्या नाकाशी. मग ते जेवायला यायचे आणि रापलेल्या मनगटावर घड्याळाच्या जागी एक गोरं कडं उरलेलं दिसायचं. मुंबईचं ऊन जिथे कधी पोचलंच नाही अशी, त्यांच्या तरुणपणाची तेवढीच एक जागा.

घड्याळ त्यांना लग्नात मिळालेलं. लग्न १९६४ चं. आदल्याच वर्षी मोरारजी देसाईंच्या सुवर्णनियंत्रणाने नव्या दागिन्यांना १४ कॅरटची मर्यादा घातली होती, आणि घरोघरच्या बायकांनी ती बातमी एखाद्या मरणाच्या बातमीइतक्या गंभीरपणे ऐकली होती. आईच्या आईने मग नवं काही घडवलंच नाही. स्वतःच्या हातातल्या जुन्या बांगड्या, न मोडता, न वितळवता, तशाच उतरवून लेकीच्या हातात चढवल्या. जावयासाठी मात्र घड्याळ घेतलं. त्या काळच्या मुंबईत घड्याळ म्हणजे स्वित्झर्लंड. फेवर ल्युबाचं तर मुंबईतलं बस्तान १८६५ पासूनचं; बंगलोरला एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळं करायला नुकती १९६१ मध्ये सुरुवात केली होती. आजोबांनी ऐपतीप्रमाणे सोन्याचा मुलामा दिलेलं एक घेतलं. वरून सोन्याचं, आतून साधं. आप्पांनी ते आयुष्यभर घातलं आणि मुलामा उडत गेला तो नेमका मनगटाच्या बाजूने, पट्टा अडकवायच्या चार टोकांपाशी, चावीच्या दातऱ्यांवर. म्हणजे जिथे जिथे माणूस लागला तिथे तिथे. बाकी घड्याळ शेवटपर्यंत पिवळंधमक राहिलं.

आप्पा गेल्यावर ते भावाकडे गेलं. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही. घड्याळ मुलाकडे जातं, बांगड्या मुलीकडे येतात. पाणी उताराकडे जावं तितकं हे आपल्याकडे आपोआप होतं. आईच्या त्या बांगड्या माझ्याकडे आल्या, आणि मी त्या आनंदाने घातल्या. भावाने घड्याळ मायेने साफ करून घेतलं, नवी काच, नवा पट्टा. मला दाखवायला घेऊन आला. मी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने नाकाशी नेलं.

काहीच नव्हतं.

कसं असणार? पट्टा नवा होता.

पुढे खूप वर्षांनी, नोकरी संपत आली तेव्हा, आपल्या हातात एक जुनं सोन्याचं घड्याळ असावं, चामड्याच्या पट्ट्याचं, पुरुषी घडणीचं, असं माझ्या मनाने घेतलं. आप्पांच्या घड्याळाची भरपाई म्हणून नव्हे. तसली भरपाई होत नाही हे कळायचं वय होऊन गेलं होतं. पण सोनं मला आजवर मिळालं ते माहेराकडून, सासरकडून, सणावारी, कुणी ना कुणी हातात घालून. स्वतः मागून, पारखून, आपल्या पैशाने, आपल्या मनगटासाठी एक वस्तू घ्यावी असं वाटू लागलं. जुनी पुरुषी घड्याळं आजच्या मानाने लहान असतात. ३४ मिलिमीटरची ती तबकडी, शर्टाच्या कफखाली गुपचूप सरकावी म्हणून पातळ ठेवलेलं तिचं अंग, तारीख नाही, वार नाही, मिरवणं नाही. बाईच्या हाताला ती छान बसते. मनगटावरचं घड्याळ हे मुळात बायकांचंच मानलं जायचं. पुरुष खिशातलं साखळीचं घड्याळ सोडून मनगटाकडे वळले ते पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत, हात बंदुकीत गुंतलेले असताना. तेव्हा मी काही फारसं परकं मागत नव्हते.

ठाकुरद्वारच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली एक घड्याळजी बसतात. जिन्याच्या फळ्यांमधून दुपारनंतर उन्हाची एक तिरकी पट्टी त्यांच्या टेबलावर उतरते आणि तेवढ्या उजेडात ती जागा चिमटे, काचा, इवले स्क्रू, झाकणं यांनी लुकलुकत असते. त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं, खणातून कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. ओमेगा. आतल्या नंबरावरून १९५० च्या आसपासचं. तबकडी मुळात चंदेरी असणार. आता तिच्यावर एक मऊ, दुधट पिवळेपणा पसरला होता. पानाच्या आकाराचे काटे, आणि खाली सहाच्या अंगाला सेकंदाचा एक चिमुकला काटा, स्वतःच्या छोट्याशा रिंगणात आपला आपला फिरणारा.

त्यांनी झाकण उघडलं. आत तांबूस झिलईचं मशीन, ओमेगाचं ३० मिलिमीटरचं ते नावाजलेलं मशीन, १९३९ मध्ये निघालेलं आणि पुढे साठीच्या दशकापर्यंत चाललेलं. बॅलन्सचं चाक इकडून तिकडे झुलत होतं, सेकंदाला ५ ठोके, तासाला १८,०००. पाहता पाहता आपला श्वास उगाचच हलका होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला एका स्त्रीच्या मस्तकाचा तांदळाच्या कणीएवढा ठसा. ही हेल्व्हेशिया, स्वित्झर्लंडची देवता. १८ कॅरट सोन्यावरची स्विस खूण. १४ कॅरटला ती मिळत नसे, तिथे खार असायची, असं त्यांनी सांगितलं, आणि मला आईच्या लग्नाचं साल आठवून उगाच हसू आलं. ठशाच्या आजूबाजूला सुईने कोरलेली बारीक बारीक अक्षरं होती, आकडे होते. ज्याने ज्याने हे घड्याळ कधीकाळी उघडलं, साफ केलं, तेल दिलं, त्या त्या कारागिराने आपल्यापुरती करून ठेवलेली नोंद. मालकाची मात्र कसलीच खूण नव्हती. नाव नाही, आद्याक्षर नाही. ऐंशी-नव्वद टक्के आयुष्य कुणाच्या तरी अंगावर काढलेली ती वस्तू मऊ फडक्याने पुसली, आणि ती कुणाचीच नव्हती इतकी स्वच्छ झाली.

“हे सोनाराकडे चाललं होतं, ताई,” ते म्हणाले. “भाव चढला की लोक केस वितळवतात. मशीनला कोण विचारतो?” त्यांनी एक डबी उघडून दाखवली. आत तशी उघडी मशीनं होती, कवच काढून घेतलेली, त्यांतली काही बोट लागताच क्षणभर चालू होणारी.

मी पट्ट्याबद्दल विचारलं. ज्या पट्ट्यावर हे आलं तो कुठे आहे?

“तो फेकला. वास मारत होता.”

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घड्याळ विकायला ठेवायचं तर तेच करावं लागतं. पण तिथे, त्या तिरप्या उन्हात, तोळ्याच्या आतबाहेर भरेल एवढं ते सोनं तळहातावर घेऊन बसले असताना मला वाटलं, की माणूस होता तो फेकला गेला, आणि मी विकत घेतेय ते बाकी सगळं.

सोनं किती थोर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते गंजत नाही, काळवंडत नाही, पाण्याला भीत नाही, आगीतून निघालं तर आणखी उजळतं. शंभर हातांतून फिरून आलं तरी त्याच्यावर एकाही हाताचं काही उरत नाही. आजीच्या दृष्टीने हाच त्याचा मोठेपणा, हेच त्याचं सोवळेपण. आणि चामडं ओवळं, कारण ते सगळं लावून घेतं. घाम घेतं, तेल घेतं, पाऊस घेतं, आजारपणातल्या औषधांचा कडवटपणा घेतं, मनगटाचा आकार घेतं, फुगतं, आक्रसतं, तडकतं आणि एक दिवस फेकायच्या लायकीचं होतं. जे कशालाच आत येऊ देत नाही त्याला आपण देवापाशी नेलं. जे माणसाला पोटात घेऊन झिजलं त्याला फळीवर ठेवलं. आप्पांच्या घड्याळावरचं सोनंही मला आठवतं ते जिथे उडालं तिथेच आठवतं.

पट्टा मी करून घेतला. धारावीत चामड्याचं काम करणारे एक मामा आहेत. त्यांच्याकडे कोल्हापुरी पायताणाला वापरतात तसलं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं होतं. त्यांनी ते माझ्या नाकाशी धरलं आणि मी दचकलेच. पट्ट्याच्या वासाचा तो तळ, तो तुरटपणा, इथे होता. माणूस त्याच्यावर चढायच्या आधीचा, नुसता झाडांचा. मामांनी माझं मनगट दोऱ्याने मोजलं, कातडं कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने टाके घातले. काम करताना ते बोलत नव्हते. भिंतीवर संत रोहिदासांचं चित्र होतं, त्याला ताजा हार. आजीचा तो उंबरठा मला तिथे बसल्या बसल्या पहिल्यांदा पुरता दिसला. त्याच्या बाहेर नुसतं चामडं राहत नव्हतं; ते कमावणारे, कापणारे, शिवणारे हातही पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत होते. माझ्या प्रेमळ, हळव्या, सगळ्यांना पोटभर वाढणाऱ्या आजीने तो उंबरठा कुणाकडून तरी जसाच्या तसा घेतला होता आणि दर संध्याकाळी, आपलं घड्याळ उतरवून ठेवताना, आप्पांनी तो निमूट पाळला होता.

आता सकाळी उठल्यावर पहिलं काम चावी. अंगठा आणि तर्जनी यांच्यात तो इवला गोल धरायचा आणि फिरवायचा. सुरुवातीला मोकळा, मग हळूहळू जड होत जाणारा, आणि शेवटी बस म्हणणारा. त्याच्यापुढे जायचं नाही. दिवसाची सुरुवात कशाला तरी नेमकं किती द्यायचं हे ओळखण्यापासून व्हावी, ही मला चांगली गोष्ट वाटते. नाही दिली चावी, तर दुसऱ्या दिवशी ते थांबतं. तक्रार करत नाही. कधीकधी वाटतं, हे त्या काळीच मुंबईत आलं असेल, तर याने पहिली वेळ दाखवली असेल ती मुंबईची वेळ, देशाच्या वेळेहून ३९ मिनिटं मागची. १९५५ पर्यंत या शहराने ती जपली. कुणीतरी एके दिवशी हीच चावी बाहेर ओढून काटे पुढे सारले असतील आणि आयुष्यातली ती ३९ मिनिटं एका झटक्यात ओलांडली असतील. तो कोण, हे सोनं सांगत नाही.

ओळखीच्या सोनारणीने ते पाहिलं आणि नाक मुरडलं. बावीसच्या खालचं सोनं आमच्या बायकांना सोनं वाटत नाही. चौथा हिस्सा हीण, त्याचं कौतुक काय? पण निखळ सोनं धार धरत नाही, रोजच्या आपटण्या-धोपटण्यात ते चेपून जातं. तांबं-चांदी पोटात घेतली तेव्हा कुठे ते मनगटावर टिकण्याजोगं झालं. मला ते हीण आवडतं. त्याच्यामुळेच या सोन्याचा रंग आईच्या बांगड्यांहून किंचित तांबूस, किंचित दमलेला आहे. उजव्या हातात बांगड्या, डाव्या हातात घड्याळ. भाजी चिरताना दोन्ही एकदम दिसतात.

पहिल्या पावसाळ्यात पट्टा काळवंडला. पाऊस सुरू झाला की जाणती माणसं जुनी घड्याळं कपाटात ठेवतात, आणि मीही पाण्यात काही ते नेत नाही. पण मुंबईची दमट हवा कपाटातही शिरतेच, तर मनगट काय वाईट? घाम यायचा तो आला. माझं भोकही हळूहळू लांबट होऊ लागलंय. संध्याकाळी मी दिवा लावते तेव्हा घड्याळ हातातच असतं. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा हात क्षणभर थबकला होता, दाराजवळच्या त्या फळीकडे गेल्यासारखा झाला होता. आता थबकत नाही. देवाला जर सोन्याचं चालतं, तर ज्या चामड्याने दिवसभर माझे कष्ट शोषले त्याचंही चालेल, अशी माझी त्याच्याशी समजूत झाली आहे. आजीला हे पटलं नसतं. आप्पांना पटलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार करते. ते काही बोलले नसते, एवढंच नक्की सांगता येतं.

भावाला एकच मुलगी. त्यामुळे आप्पांचं घड्याळ एक दिवस तिच्याकडे जाईल, आणि माझंही जाईल. म्हणजे आपोआप चालत आलेलं ते जुनं वळण आमच्या घरापुरतं तरी मोडलं. मागच्या दिवाळीत तिने माझं घड्याळ हौसेने घालून पाहिलं. तिचं मनगट नाजूक, माझ्या भोकावर पट्टा सैल पडत होता.

“आत्या, अजून एक भोक पाडून घेऊ का आत?” तिने विचारलं.

मी नको म्हटलं. म्हटलं, हे तुझं होईल तेव्हा पट्टा काढून टाक. वाईट वाटून घेऊ नकोस, जपून ठेवू नकोस, त्याच्यात मला शोधू नकोस. मामांकडे जा, नाहीतर त्यांच्यासारख्या कुणाकडे, आणि चांगलं कातडं माग. तिथे पैसे वाचवू नकोस. सोनं मी तुला देऊ शकते. पट्टा ज्याचा त्यालाच भिजवावा लागतो.